टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं तरी ऑइल पुन्हा गळतंय? असं शोधा

सिग्नलला गाडी उभी राहिली की एसीच्या जाळीतून जळक्या तेलाचा वास, आणि गाडी पळायला लागली की वास गायब. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, आणि पॅकिंग म्हणजे त्याच्या कडेची रबरी पट्टी. तिथून ऑइल गळायला लागल्याची पहिली खूण बहुधा हीच असते. कव्हरच्या कडेने पाझरलेलं ऑइल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांवर) पडून जळतं, आणि गाडीत येणारी बाहेरची हवा पुढच्या काचेच्या पायथ्याशी, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेलाच ओढली जाते. खात्री करायची असेल तर एसी आतलीच हवा फिरवण्यावर टाका. वास कमी झाला तर तो इंजिनाकडून येतोय.

बाकीची लक्षणं अशी:

- बॉनेट उघडल्यावर कव्हरच्या खालच्या कडेला धूळ चिकटलेली काळपट, ओली रेघ.
- गाडी तापल्यावर मॅनिफोल्डच्या बाजूने निळसर धूर.
- दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल भरावं लागणं.
- पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर डाग, आणि त्यावरून सोसायटीच्या सेक्रेटरींचा मेसेज.
- गाडी मिसिंग मारणं, म्हणजे इंजिन अडखळत चालणं, तेही आधी सीएनजीवर. पेट्रोलवर टाकली की बरी चालते.

हे शेवटचं लक्षण लोक ऑइलच्या गळतीशी जोडतच नाहीत. ट्यूनिंग करून घेतात, गॅसचा फिल्टर बदलतात, किटवाल्याशी भांडतात. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

नात्यातल्या आणि सोसायटीतल्या सेकंडहँड गाड्यांची ही गळती मी इतक्या वेळा काढली आहे की आता तक्रार ऐकतानाच अंदाज येतो. पण "पॅकिंग बदललं, चार-सहा महिन्यांत पुन्हा ओलं" असं कुणी सांगितलं की मी पॅकिंगकडे शेवटी बघतो. रबर म्हातारं होतंच, पण ते वेळेआधी का गेलं हे न बघता नवं बसवलं की नवंही त्याच वाटेने जातं.

मुंबईच्या गाडीबाबत एक गोष्ट लक्षात घ्या. मीटरवर किलोमीटर कमी दिसतात, पण इंजिन चाललेले तास पुष्कळ असतात. अंधेरी ते पवई जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) संध्याकाळी जितका वेळ इंजिन चालतं, तितक्या वेळात हायवेवरची गाडी कितीतरी लांब गेलेली असते, आणि तिला समोरून वारा मिळतो. इथे बॉनेटखालची गरम हवा जागच्या जागी कोंडते. त्या उष्णतेने रबर कडक होतं. त्यामुळे "गाडी कमी चाललीय, पॅकिंग कसं जाईल?" या प्रश्नाला मुंबईत अर्थ नाही.

हात लावण्याआधी

गाडीखालच्या थेंबावर विश्वास ठेवू नका. वरून निघालेलं ऑइल इंजिनाच्या अंगावरून ओघळतं, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे उडतं आणि कुठेतरी भलत्याच कोपऱ्यातून ठिबकतं. त्यामुळे खाली चेंबरचं (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचं) पॅकिंग किंवा क्रँकचं, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचं, मागचं ऑइल सील गेल्यासारखं वाटतं. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे खर्च कुठल्या कुठे जातो. नियम एकच: सगळ्यात वरची ओली जागा शोधा.

थेंब ऑइलचाच आहे ना, हेही बघा. खाली पांढरा पुठ्ठा ठेवा. स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, काळजी नको. हिरवं किंवा गुलाबी, किंचित चिकट असेल तर कूलंट. लालसर तेल बहुधा पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. तपकिरी ते काळं असेल तरच पुढे वाचा.

१. डिपस्टिक

फुकटची तपासणी, आणि तरी कुणी करत नाही. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून पुन्हा घालून बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर आधी जास्तीचं काढा. सर्व्हिसिंगला "अख्खा कॅन भरला" असं अभिमानाने सांगणारे भेटतात, पण इंजिनाला लागतं तेवढंच लागतं. ऑइल जास्त झालं की क्रँक त्यात फटके मारतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून (इंजिनातला गॅस बाहेर काढणाऱ्या पाइपातून) ऑइल वर फेकलं जातं. खालच्या खुणेच्या खाली असेल तर भरल्याशिवाय गाडी चालू करू नका.

२. ऑइल भरायचं झाकण

झाकणाच्या आतली रबरी रिंग कडक होऊन चपटी होते आणि तिथून निघालेलं ऑइल कव्हरवर पसरतं. ओलं दिसतं कव्हर, बदनाम होतं पॅकिंग. कधी तर गळती नसतेच, ऑइल भरताना नरसाळं न वापरल्याने सांडलेलं असतं. रिंग वेगळी मिळाली तर रिंग, नाहीतर झाकणच नवं घ्या. स्वस्तात सुटणारं काम आहे.

३. पुसा आणि पावडर मारा

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वात उपयोगी पायरी ही. इंजिन पूर्ण गार असताना कव्हर, त्याची कड आणि खालचा भाग डीग्रीझर आणि ब्रशने साफ करा, कोरड्या कापडाने पुसा. पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. अल्टरनेटर, प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉईल आणि वायरिंगचे कनेक्टर तिथेच असतात, आणि प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं तर नवंच मिसिंग सुरू होतं.

इंजिनाचं अंग कोरडं झालं की कव्हरच्या कडेवर टॅल्कम पावडर किंवा खडूची पूड हलकीशी भुरभुरवा. बेल्टवर पडू देऊ नका. मग नेहमीसारखी गाडी चालवा, जमल्यास एकदा तासभर सलग. परत आल्यावर गाडी गार होऊ द्या आणि टॉर्च मारून बघा. जिथून ऑइल निघतं तिथे पांढऱ्या पुडीत करडी, ओलसर रेघ उमटते आणि तिचं वरचं टोक बरोबर गळतीच्या तोंडाशी असतं. फायरवॉलकडची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडची) मागची कड डोळ्यांना दिसत नाही. तिथे मोबाइलचा कॅमेरा घालून व्हिडिओ काढा.

रेघ कव्हरच्या कडेपाशी सुरू झाली तर पॅकिंग. कव्हर कोरडं आणि कॅमशाफ्टच्या (कव्हरखालच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी ओलं असेल तर कॅमचं सील. डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाड्यांत त्याची ओ-रिंग गळते आणि ती हमखास टॅपेट कव्हरच्या नावावर खपते. ऑइल प्रेशर स्विचही बघून घ्या. तो स्वस्त असतो, आणि त्यातून कधीकधी आश्चर्य वाटावं इतकं ऑइल येतं.

जाता जाता: गाडी विकत घेताना बॉनेटखाली सगळं चकचकीत, वर पॉलिशचा स्प्रे मारलेलं दिसलं तर मला आनंद होत नाही. धूळ बसलेलं कोरडं इंजिन जास्त माहिती देतं.

४. ब्रीदर आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह

पुन्हा पुन्हा गळणाऱ्या गाड्यांत घोडं बहुतेक वेळा इथे अडलेलं असतं.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पोकळीत, उतरतो. हे प्रत्येक इंजिनात होतं. हा गॅस पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये ओढून जाळला जातो. व्हॉल्व्ह चिकटला किंवा पाइप काजळीने बुजला की गॅसला वाट उरत नाही, आत दाब वाढतो, आणि तो दाब सगळ्यात कमजोर सांध्यातून ऑइल बाहेर ढकलतो. तो सांधा म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग. तुम्ही कितीही महागडं पॅकिंग बसवा, दाब तसाच असेल तर ते पुन्हा पाझरणार.

तपासायला दोन मिनिटं लागतात. इंजिन गरम करून आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवा, ऑइलचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून धरा. बाही गुंडाळलेली असू द्या, हात बेल्ट आणि पंख्यापासून लांब. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात मोजा किंचित आत ओढला जायला हवा. झाकण काढल्यावर काही गाड्यांचं आयडल डळमळतं, ते चालतं. मोजा फुगायला लागला तर आत दाब आहे.

मग व्हॉल्व्ह काढा. सुटा असेल तर कानाशी धरून हलवा. बहुतेक व्हॉल्व्ह चांगले असले की आत खुळखुळ वाजते. वाजत नसेल तर बदला. साफ करत बसण्यात अर्थ नाही, किंमत तेवढी नसते. पाइप दाबून बघा: कडक झालेला, भेगाळलेला किंवा आत चिखल साचलेला असेल तर तोही नवा. काही नव्या इंजिनांत व्हॉल्व्ह कव्हरमध्येच बसवलेला असतो, मग अख्खं कव्हर बदलावं लागतं.

व्हॉल्व्ह आणि पाइप दोन्ही नवे टाकूनही मोजा फुगतोय आणि झाकणाच्या तोंडातून धूर भकभक येतोय? थांबा. रिंग-पिस्टनची झीज असू शकते. पॅकिंगवर पैसे घालण्याआधी कंप्रेशन तपासून घ्या.

५. बोल्ट

गार इंजिनावर, छोट्या पान्याने, प्रत्येक बोल्ट नुसता चाचपून बघा. एखादा खरोखर सैल असेल तर बेताचा आवळा. बहुतेक छोट्या पेट्रोल इंजिनांवर हे बोल्ट साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटरवर आवळायचे असतात, म्हणजे मनगटाच्या जोरावर, खांद्याच्या नव्हे. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

"अजून थोडं टाइट केलं तर थांबेल" हा विचार सोडून द्या. जास्त आवळलं की रबर चेपून बाहेर येतं, पत्र्याचं कव्हर बोल्टपाशी खोलगट होतं, प्लॅस्टिकचं तडकतं, आणि हेड ॲल्युमिनियमचं असल्याने आतले आटे जातात. शिवाय अनेक गाड्यांत बोल्टला खांदा असतो. तो टेकल्यावर पुढे कितीही पिळा, पॅकिंगवर दाब वाढतच नाही, फक्त बोल्ट तुटतो.

६. प्लगचे खड्डे

ज्या इंजिनात प्लग कव्हरच्या मधोमध खोल खड्ड्यात असतात, तिथे प्रत्येक खड्ड्याभोवती एक सील असतं. ते गेलं की ऑइल आत साचतं. बाहेर थेंबही दिसत नाही. कॉईल काढा आणि तिचं रबरी बूट बघा. ओलं, तेलकट आणि फुगलेलं असेल तर सील गेलं. ऑइलने बूट खराब झालं की ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याऐवजी बाजूने इंजिनाच्या धातूवर उडते. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, म्हणून इग्निशनमधला हा अशक्तपणा गॅसवर आधी दिसतो. खड्ड्यात पाणी निघालं तर भानगड वेगळी: पावसाळा, किंवा कुणीतरी इंजिनावर पाइप मारलाय.

खड्ड्यात ऑइल असताना प्लग खोलू नका. आधी सिरिंज आणि कापडाने ते शोषून काढा, नाहीतर प्लग निघताच ऑइल आणि कचरा थेट सिलिंडरमध्ये जातो. बूट फुगलं असेल तर सीलबरोबर तेही बदला. नुसतं सील बदलून मिसिंग जात नाही.

७. आता पॅकिंग

पॅकिंगच्या सेटमध्ये प्लगची सील आणि बोल्टखालची रबरी वॉशर आहेत का ते दुकानातच उघडून बघा. हेड कव्हर पॅकिंग म्हणून मागितलंत तरी तेच मिळेल. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगा, शक्य असेल तर जुन्या कव्हरचा फोटो दाखवा. चालू मॉडेलला ऑपेरा हाउसच्या बाजूला पार्ट सहज मिळतो. बंद झालेल्या मॉडेलसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला कव्हर जुनं घेतलंत तरी चालेल, पॅकिंग मात्र नवंच घ्या. सर्वसाधारण छोट्या गाडीला हा खर्च काही शे रुपयांचा आहे.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, सगळ्या वायर-पाइपांचे फोटो घ्या, कॉईल आणि ब्रीदर सोडवा. बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करा. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने हलकेच ठोका. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलंत तर ॲल्युमिनियमवर ओरखडा उठतो आणि तिथून कायमची गळती. कव्हर निघालं की उघड्या हेडवर स्वच्छ कापड टाका. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये वरून काय पडेल सांगता येत नाही.

कव्हरची खाच आणि हेडची कड दोन्ही निर्मळ करा. जुन्या सिलिकॉनचे तुकडे नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा आणि एकही आत पडू देऊ नका. मग स्टीलची पट्टी कव्हरच्या कडेवर उभी धरून उजेडाकडे बघा. मध्ये फट दिसली तर कव्हर वाकलंय, नवं पॅकिंग तिथे टिकणार नाही.

सिलिकॉनबद्दल जरा स्पष्ट बोलतो. रबरी पॅकिंगच्या पूर्ण लांबीवर सिलिकॉनची माळ लावणं हा दुरुस्तीचा प्रकार नाही. रबर त्यावर घसरतं, आणि आत पिळून आलेलं सिलिकॉन सुटून चेंबरमध्ये पडतं. तिथून ते ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं आणि मग वर ऑइल पोचत नाही. थेंबाच्या गळतीपायी इंजिन जाऊ शकतं. सिलिकॉन लागतं ते ठरावीक जागी: टायमिंग चेनचं कव्हर हेडला मिळतं ते कोपरे आणि कॅमच्या टोकाशी असलेले अर्धगोल कट. तिथे छोटा ठिपका पुरे. ट्यूबवर लिहिलेला सुकण्याचा वेळ पाळा.

बोल्ट मध्यापासून बाहेर, आलटून पालटून, दोन फेऱ्यांत आवळा. गाडी चालू करून आयडलवर कड बघा, मग आठवडाभराने पुन्हा पावडर मारून खात्री करा. मॅनिफोल्डवर आधी सांडलेलं ऑइल जळेपर्यंत वास येत राहतो. तेवढ्यावरून काम फसलं असं समजू नका.

गळती थांबवणारी बाटलीतली औषधं मी वापरत नाही. जाड ऑइल घालण्याचा सल्लाही ऐकू नका. ज्या इंजिनाला ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगितलंय त्यात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल घातलं तर गळती कदाचित मंदावेल, पण बारीक वाटांमधून ऑइल वेळेवर पोचणार नाही.

कधी हात आखडता घ्यायचा

चालत्या गाडीत लाल ऑइलचा दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा आणि टो करा. "पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत" हा हिशोब इथे चालत नाही. मॅनिफोल्डवर ऑइल ठिबकून सतत धूर येत असेल तरी गाडी काढू नका. इंजिन ऑइल साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, आणि बोरघाट किंवा कसाऱ्याच्या चढावर एक्झॉस्ट त्याहून खूप जास्त तापतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल आणि गाडी जोरात मिसिंग मारत असेल तर तेही तसंच: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन त्याला जाळतं, आणि कन्व्हर्टरच्या किमतीत पॅकिंगची पेटी येईल.

कॉमन रेल डिझेल गाडीचं कव्हर घरी उघडू नका. काही इंजिनांत इंजेक्टर कव्हरमधूनच जातात आणि त्या पाइपांमध्ये १००० बारच्या वर दाब असतो. बोल्ट आत तुटला, आटे गेले, झाकणाखाली दुधाळ चिखल आणि सोबत कूलंट कमी होतंय, किंवा पावडरची रेघ टायमिंग कव्हरपाशी अथवा क्रँकपाशी निघाली, तर कामाचा आवाका बदललाय. गॅरेजला न्या.

गॅरेजला गेल्यावर "ऑइल गळतंय, बघा" एवढंच सांगू नका. पावडरचा फोटो दाखवा, हातमोजा फुगतो की नाही ते सांगा, आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलायचाय का ते आधी विचारा. काम झाल्यावर जुनं पॅकिंग मागून घ्या. वाकवल्यावर बिस्किटासारखं तुटलं तर उष्णतेने आणि वयाने गेलं, नवं बरीच वर्षं टिकेल. एकाच जागी चेपलेलं किंवा कापलेलं असेल तर मागच्या वेळी नीट बसवलं नव्हतं. पूर्ण लांबीवर सिलिकॉन असेल तर चेंबर उघडून पंपाची जाळी तपासायला लावा. आणि रबर अजून मऊ, लवचिक, तरी सगळीकडून ओलं असेल, तर दाब अजून आत आहे. गाडी घेऊन जाण्याआधी तिथेच ऑइलच्या तोंडावर मोजा धरून बघा.